आरेच्या बातमीची दहा वर्षं

5 ऑक्टोबर 2024 रोजी मेट्रो-3च्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि आरे-जेव्हीएलआर हे स्थानक मुंबईच्या नकाशावर आलं. आम्हा जोगेश्वरीकरांच्या हाकेच्या अंतरावर मेट्रो आली, तिचं स्वागतच आहे. पण त्याआधी पाच वर्षं, 5 ऑक्टोबर 2019 रोजी, याच आरेत जमावबंदी होती आणि आत झाडं तोडली जात होती. आरेबद्दल गेल्या दशकात जे छापून आलं, दाखवलं गेलं, ते आज सलग पाहिलं की एक गोष्ट खटकते. करवत चालली तेव्हा माध्यमं धावून आली, पण निर्णय होत होते तेव्हा तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

2014-15च्या सुमारास ‘आरे वाचवा’ची हाक उठली, तेव्हा ती उपनगरच्या पानावरची बातमी होती. 2015मध्ये सरकारने मेट्रो-3च्या कारशेडच्या जागेसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्यातल्या दोघांनी, नीरीचे राकेश कुमार आणि आयआयटी मुंबईचे श्याम आसोलेकर यांनी, आरेतल्या जागेविरुद्ध वेगळं मत नोंदवलं. पुढे ज्या वादावर रकानेच्या रकाने भरले, त्याचं सगळं सार त्या मतात होतं. डिसेंबर 2016मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतालच्या (एसजीएनपी) पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि आरेतली 165 हेक्टर जमीन त्यातून वगळली गेली. आरेचं भवितव्य बऱ्याच अंशी तिथेच ठरलं. पण अधिसूचनेचा फोटो निघत नाही, म्हणून ती पहिल्या पानावर येत नाही.

2019मध्ये चित्र पालटलं. झाडांसाठी 80 हजारांवर हरकती आल्या होत्या, तरी 29 ऑगस्टला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. श्रद्धा कपूर मानवी साखळीत उभ्या राहिल्या, लता मंगेशकरांनी ट्वीट केलं, अमिताभ बच्चन यांनी मेट्रोची बाजू घेतली. आंदोलनाला मथळे मिळाले, पण ते या नावांमुळे. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. आरेत शिरायच्या वाटांवर पोलिसांचे अडथळे होते. बाहेर आल्या त्या आतल्या माणसांनी मोबाइलवर टिपलेल्या क्लिपा. काळोख, दिव्यांचा झोत आणि यांत्रिक करवतीचा आवाज. 29 जणांना अटक झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला, तोवर 2,141 झाडं पडली होती.

कॅमेऱ्याने चळवळीला बळ दिल्याचं जगातलं ठळक उदाहरण देवमाशांच्या शिकारीविरुद्धच्या लढ्याचं. जून 1975मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात रबरी होड्या घेऊन सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासे यांच्यामध्ये घुसले. त्यांच्या डोक्यावरून हार्पून सुटला, तो क्षण चित्रित झाला आणि अमेरिकेत घरोघरी दिसला. त्या मोहिमेचे म्होरके बॉब हंटर स्वतः पत्रकार होते, चित्राची ताकद ते जाणून होते. 1982मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला. लोकमत चित्राने तयार केलं, पण बंदी आली ती आयोगातल्या मतदानाने, वर्षानुवर्षं बैठका आणि आकडेवारी यांचा पाठपुरावा झाला म्हणून. तो पाठपुरावा जन्मभराचा असतो. 1 जुलै 2019 रोजी जपानने आयोगाबाहेर पडून व्यापारी शिकार पुन्हा सुरू केलीच. आरेत चित्र आलं, तेही तोड सुरू झाल्यावर. पाठपुरावा मात्र कार्यकर्त्यांच्याच गळ्यात राहिला.

सगळ्यात मोठी उणीव पाड्यांच्या बाबतीत राहिली. आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे 27 पाडे आहेत. ‘मेट्रो हवी की झाडं?’ एवढाच प्रश्न चर्चांमध्ये घोळत राहिला, त्यात ही माणसं बसतच नव्हती. प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांना मेट्रोच्या कामासाठी घरं सोडावी लागली. केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांच्यासारखे कार्यकर्ते जमिनीच्या आणि वनहक्काच्या गोष्टी सांगत राहिले. त्यांची गाणी दाखवली गेली, मागण्या कमी दाखवल्या गेल्या.

नंतर बातमी पुरती राजकारणाची झाली. नोव्हेंबर 2019मध्ये कारशेडला स्थगिती, 2020मध्ये त्यासाठी कांजूरमार्गची जागा, डिसेंबरात त्यावर न्यायालयाची रोक, 2022मध्ये सरकार बदलताच पुन्हा आरे. कोण जिंकलं, कोण हरलं एवढंच विचारलं गेलं. एप्रिल 2023मध्ये परवानगीच्या 84 झाडांहून जास्त झाडं तोडू पाहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला 10 लाखांचा दंड केला. ती बातमी लगेच मागे पडली.

माध्यमं बदलू शकतात, हेही याच जंगलाच्या काठावर दिसलं आहे. 2004मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांनी हाहाकार उडाला, तेव्हा ‘नरभक्षक’ हा शब्द सर्रास वापरला जात होता. 2011पासून वन विभाग आणि विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ उपक्रमात पत्रकारांना सोबत घेतलं. बिबट्या वस्तीजवळ का येतो, कचरा आणि भटके कुत्रे यांचा त्यात काय वाटा, पिंजरे लावून काय बिघडतं, हे छापून येऊ लागलं. हल्ले आजही होतात, पण बातमी अधिक समजुतीने लिहिली जाते.

झाडांच्या बाबतीत तेच व्हायला हवं. 1975च्या झाडे जतन कायद्यानुसार तोडीच्या अर्जाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते. मागच्या पानांवर निविदांच्या गर्दीत बारीक अक्षरांतला तो चौकोन असतो. ठिकाण, झाडांची संख्या, हरकतीची मुदत. ज्या अंकात ती सूचना छापली जाते, त्याच अंकात तिची बातमी आली पाहिजे. मुदत संपण्याआधी वाचकाच्या हाती काहीतरी असतं, करवत लागल्यावर हळहळीपलीकडे काहीच उरत नाही. आरेची उरलेली झाडी आणि पाडे यांच्यासाठी वार्ताहरांनी एवढं केलं, तरी पुढच्या दशकाचा मागोवा वेगळा लिहिता येईल.