पैसे नाकारले म्हणून जमीन राहत नाही

गावातून महामार्गाची आखणी झाली, शेतात हद्दीचे दगड रोवले गेले, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आपण पैसेच उचलायचे नाहीत, मग बघू जमीन कशी घेतात!’ वाक्य बाणेदार आहे, पण कायद्यापुढे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

1894 चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यानुसार ताबा घेण्याआधी मोबदला दिलेला किंवा देऊ केलेला असला पाहिजे. सगळी मेख या ‘देऊ केलेला’मध्ये आहे. जुन्या कायद्याखालची संपादनं केव्हा रद्द ठरतात, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च 2020 मध्ये निकाल दिला. त्यानुसार, देऊ केलेली रक्कम मालकानंच नाकारली असेल, तर ‘पैसे मिळाले नाहीत, सबब संपादन रद्द करा’ असं त्याला म्हणता येत नाही. राष्ट्रीय महामार्गांचा 1956 चा कायदा तर आणखी कडक. हरकत घ्यायला तिथे अवघे 21 दिवस. हरकती निकालात निघून घोषणा राजपत्रात छापून आली, की जमीन तत्क्षणी केंद्र सरकारची होते. रक्कम जमा झाल्याशिवाय ताबा मागता येत नाही हे खरं, पण मालकी तोवर गेलेली असते.

मग मुकाट्यानं पैसे घ्यायचे का? तेही नाही. पैसे घेताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लेखी नोंदवायचं. 2013 च्या कायद्याखाली ही नोंद न करता रक्कम घेतली, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्कच संपतो. आणि दाद मागायलाही मुदत आहे. मोबदल्याच्या निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. पैसे नाकारून घरी बसलेल्या माणसाची जमीन तर जातेच, वर ही मुदतही हातची निघून जाते.

दुसरा गैरसमज ‘बाजारभावाच्या चारपट’ मोबदल्याचा. ग्रामीण भागात बाजारमूल्याला 1 ते 2 या दरम्यानचा, राज्यानं ठरवलेला गुणक लागतो. जो आकडा येईल, त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवली जाते आणि या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर मिळते. गुणक 2 असेल, तर नुसत्या जमिनीच्या 10 लाखांचे 20 आणि दिलाशासह 40 लाख होतात. गुणक 1 असेल तर 20 लाखच. शिवाय हे मूळचे 10 लाख कुठून आले, हेही पाहावं लागतं. रेडी रेकनरचा दर आणि मागच्या तीन वर्षांत आसपास झालेल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतला जास्त आकडा सर्वसाधारणपणे धरला जातो. आता मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून खरेदीखतात निम्मीच किंमत लिहायची आपली जुनी खोड. ती कुणा एकाची चलाखी राहत नाही, पुढे संपादन आलं की अख्ख्या शिवाराला तिची किंमत मोजावी लागते. कागदावरच्या भावाची चौपट आणि व्यवहारातल्या भावाची चौपट यांत म्हणूनच इतकं अंतर पडतं.

तिसरा समज : सातबारावर ज्याचं नाव, त्याचेच पैसे. सातबारा हा महसुली दप्तरातला उतारा आहे, मालकीचा अंतिम दाखला नव्हे. एकाच गटावर कुळाचा हक्क असतो, बँकेचा बोजा असतो, शेजाऱ्याची वहिवाट असते आणि हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो. जमीन सरकारकडे बोजामुक्त जाते, याचा अर्थ हे दावे हवेत विरत नाहीत. ते मोबदल्याच्या रकमेवर येऊन बसतात. नोटीस येताच बहिणीला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची जी लगबग सुरू होते, ती उगाच नाही. तिनं सही दिली नाही आणि वाटणीचा वाद उभा राहिला, तर रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि भावांनाही थांबावं लागतं. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण संपादनाआधी तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः त्याच शिवारावर होतं, ते शेतमजूर, वाटेकरी आणि कारागीरही 2013 च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ ठरू शकतात. मजुरांपर्यंत ही माहिती सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचवण्याची घाईही कुणाला नसते.

संपादित जमीन पाच वर्षं वापराविना पडून राहिली तर ती आपोआप परत मिळते, हाही असाच अर्धवट समज. कायदा सरकारपुढे दोन वाटा ठेवतो : मूळ मालकाला किंवा वारसांना परत, नाहीतर राज्याच्या भूमी बँकेत जमा. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळते, तीही आपोआप नव्हे : नवी मुंबईत साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, ती मूळ कायद्याच्या कलमातून नव्हे. त्यामागे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचं जानेवारी 1984 चं आंदोलन होतं. त्या वेळी झालेल्या गोळीबारांत पाच जण मारले गेले.

उलट टोकाची समजूतही तितकीच चुकीची आहे : मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तेव्हा सरकार वाटेल ते करील. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं तो हक्क मूलभूत हक्कांतून काढला हे खरं. पण ‘कायद्यानुसार असल्याखेरीज’ कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, हे कलम 300-अ मध्ये कायम आहे. ठाणे तालुक्यातल्या शिरवणे गावातल्या निरक्षर शेतकऱ्यांची जमीन 1964 मध्ये औद्योगिक विकासासाठी घेतली गेली. संपादन पुरं झालं नाही, मोबदलाही मिळाला नाही. उशीर फार झाला, हा सरकारी बचाव सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये फेटाळला आणि नव्यानं अधिसूचना काढून निवाडा करायला सांगितलं. तोवर 48 वर्षं उलटली होती.