हिरव्या रंगाचे अर्थ

लखनौजवळचे मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे लंगडाही पिकतो, आणि हापूसवर वाढलेल्या मराठी माणसाला तो प्रथमदर्शनी कोड्यात टाकतो. आपल्या लेखी हिरवा आंबा म्हणजे कैरी. लंगडा मात्र पुरता पिकला तरी हिरवाच राहतो. रंगाचा जो अर्थ आपण निसर्गाचा नियम समजतो, तो पुष्कळदा केवळ आपल्या मुलखाचा संकेत असतो.

भाषाही हेच सांगते. संस्कृतातील 'हरि' हा शब्द हिरव्यालाही लागतो आणि पिवळ्यालाही. मलिहाबादेत बोलल्या जाणाऱ्या उर्दूत जुने दुःख जागे झाले, की जखम 'हरी' होते. मराठीत ती 'ओली' असते. 'सब्ज बाग' दाखविणे म्हणजे खोट्या आशा लावणे. इंग्रजी माणूस नवख्याला हिरवा म्हणतो आणि मत्सरालाही तोच रंग देतो. आपण मात्र उतारवयातील चावटपणाला 'हिरवट' म्हणतो.

सर्वांत विलक्षण शब्द आहे 'सब्जकदम'. इस्लामी परंपरेत हिरवी वस्त्रे स्वर्गातील सुखाची खूण मानली जातात. तरीही ज्याच्या येण्याने अनर्थ ओढवतो असे मानतात, त्याला फारसी-उर्दूत 'सब्जकदम', म्हणजे हिरव्या पावलांचा, म्हणतात. मराठी घरांत हाच ठपका 'पांढऱ्या पायाची' या शब्दांनी नव्या सुनेवर ठेवला जाई. रंग निराळा, परंतु आरोप एकच. आणि त्या आरोपाचा तिच्या पावलांशी काडीचाही संबंध नाही.

अशा संकेतांची किंमत महाराष्ट्रातील स्त्रीने फार मोजली आहे. लग्नातील हिरवा चुडा आणि डोहाळजेवणाची हिरवी साडी या तिच्या सौभाग्याच्या खुणा. पती निवर्तला, की तोच चुडा फोडण्याची रूढी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या विधवा-प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. रूढी केवळ ठरावाने सुटत नाही, हे खरे. घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी तो मनावर घ्यावा लागतो. परंतु श्रोतेहो, रंगाला अर्थ माणसांनीच दिलेला असतो, आणि तो बदलण्याचा अधिकारही त्यांचाच, हे त्या गावाने ओळखले.