दोष तिच्या रागाचा नव्हे!

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला आठवा लागला होता. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, तोंड सुजलेलं. सासूबाई म्हणाल्या, "चिडते फार, म्हणून बीपी वाढलं." मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं मूळ रागात नाही, वारेत आहे." वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत की तिला रक्त कमी पडतं. मग ती सुटे रिसेप्टर आईच्या रक्तात जास्त सोडते. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणाऱ्या घटकांना ते वाटेतच पकडून ठेवतात. २००३ साली बोस्टनच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. वाहिन्या आक्रसतात, बीपी चढतं, झटकेही येऊ शकतात.

तिचं बाळ लवकर झालं, पण मायलेकरं सुखरूप आहेत. सासूबाई आता गप्प असतात.

मैत्रिणींनो, विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा जास्त असेल, डोकं दुखत असेल, नजर अंधारत असेल, तर मीठ तोडून घरी बसू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. पण अशी लक्षणं दिसली तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. आणि तिला बोल लावू नका!