क्रमनिरपेक्षता व साहचर्य

बेरजेत ३ आधी घ्यावे की ५, हा प्रश्न कोणासही पडत नाही. तीन संख्या मिळविताना पहिल्या दोन आधी मिळवाव्या की शेवटच्या दोन, याचीही कोणी चिंता करीत नाही. या सवयीमुळे दोन निराळे गुणधर्म एकच भासू लागतात. पदांची अदलाबदल करूनही फल न बदलणे ही क्रमनिरपेक्षता. पदांचा क्रम तोच ठेवून कंस हलविले तरी फल न बदलणे हे साहचर्य. एकावरून दुसरे निष्पन्न होत नाही. ० व ४ यांची सरासरी कोणत्याही क्रमाने २ च येते. परंतु तिची ८ शी सरासरी काढल्यास ५ येते. आणि ४ व ८ यांची सरासरी ६ आधी काढून तिची ० शी काढल्यास ३ येते. तीन चाचण्यांचे गुण असे टप्प्याटप्प्याने सरासरीत घालणारा शिक्षक अखेरच्या चाचणीस नकळत निम्मे वजन देतो! उलट, हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्नियनांच्या गुणाकारात साहचर्य आहे, क्रमनिरपेक्षता नाही.

दोन्ही गुण असलेली एक क्रिया भारतात फार पूर्वीच वापरात होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये सांगितलेली ही ‘भावना’ भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणिता’त विस्ताराने मांडली. (चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिला होता, असे तेथील शिलालेख सांगतो.) त्यांनी विचारलेला एक प्रश्न असा : कोणत्या वर्गास ८ ने गुणून १ मिळविल्यास पुन्हा वर्गच येतो? १ चालतो, कारण ८ + १ = ९. येथे कनिष्ठ मूळ १ व ज्येष्ठ मूळ ३. आता अशा दोन जोड्या घ्याव्या. प्रत्येकीचे कनिष्ठ दुसरीच्या ज्येष्ठाने गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठ मिळते. कनिष्ठांच्या गुणाकाराच्या आठपटीत ज्येष्ठांचा गुणाकार मिळविला की नवे ज्येष्ठ. (१, ३) स्वतःशीच जोडल्यास (६, १७) येते; आणि ८ × ३६ + १ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग.

जोड्यांची अदलाबदल केल्याने या रीतीत काही बदलत नाही, हे पाहताक्षणी कळते. साहचर्य मात्र डोळ्यांस दिसत नाही, ते गुणाकार करून पडताळावे लागते. आणि श्रम वाचतात ते त्याच्यामुळेच. (१, ३) ही जोडी चार वेळा घ्यावयाची असता (६, १७), (३५, ९९) अशी एकेक पायरी चढत (२०४, ५७७) येथे पोचता येते. (६, १७) स्वतःशीच जोडली तरी तेच उत्तर येते, तेही तीनऐवजी दोन कृतींत. सोळा वेळा घ्यावयाची असल्यास पंधरा कृतींच्या जागी चार पुरतात.