जुन्या संगणकांची मंडळी

बाजारातून केव्हाच बाद झालेले संगणक जमवणारे, दुरुस्त करणारे आणि मुख्य म्हणजे चालू ठेवणारे लोक ठरावीक दिवशी एकत्र येतात, तेव्हा जुन्या संगणकांचे छंदमंडळ तयार होते. त्याला कार्यालय लागत नाही. कुणाचे तरी घर, दोन-तीन टेबले, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर आणि एक जुना टीव्ही एवढे पुरते. अशा मंडळांचे दिवस आता ओसरत आहेत. सभासदांची वये वाढली, सुटे भाग संपत आले आणि नव्या पिढीने ही यंत्रे चालू स्थितीत पाहिलेलीच नाहीत.

संगणकमंडळांची पहिली पिढी जुन्या यंत्रांसाठी नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे 5 मार्च 1975 रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. अल्टेअर 8800 हा सुट्या भागांच्या रूपात मिळणारा संगणक तेव्हा नवाकोरा होता आणि तो जुळवायचा कसा, हे एकमेकांना विचारल्याशिवाय कळणे अवघड होते. स्टीव्ह वॉझ्निअॅक याच मंडळातले, आणि अॅपलचा पहिला संगणक त्यांनी आधी याच मित्रांना दाखवला. पुढे तयार संगणक दुकानात मिळू लागले, माहिती मासिकांत छापून येऊ लागली आणि डिसेंबर 1986 मध्ये हे मंडळ बंद झाले. 1977 मध्ये स्थापन झालेल्या बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटीचे सभासद एके काळी तीस हजारांच्या आसपास होते. तीही 1996 मध्ये विसर्जित झाली. या मंडळांचे काम पूर्ण झाले होते, म्हणून ती थांबली. दुसरी पिढी जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्यांची. व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल हा त्यांचा मेळावा 1997 पासून भरू लागला. आज ओसरते आहे ती ही दुसरी पिढी, आणि तिचे काम मात्र अर्धवट राहिले आहे.

महाराष्ट्रात या यंत्रांचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती 2048 शब्दांची होती. काही वर्षांतच सीडीसी 3600 हे परदेशी यंत्र संस्थेत आले आणि टिफ्रॅक निवृत्त झाला. असे यंत्र कुणा हौशी माणसाच्या घरात येणे शक्यच नव्हते. घरात येऊ शकेल असा संगणक यायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

तो आला पुण्यातून. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 23 एप्रिल 1982 रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला होता आणि 1984 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हीच आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकली. 1990 च्या सुमारास मागणी संपेपर्यंत ती काही हजार घरांत पोहोचली होती. 1980 च्याच दशकात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे यंत्र गेले. पण शाळेच्या यंत्राला कुलूप असते आणि तास ठरलेला असतो. घरच्या यंत्राशी रात्री अकरापर्यंत झटापट करता येई, आणि छंदाचे बीज त्यातच होते.

स्पेक्ट्रमची घडण समजून घेण्यासारखी आहे. सगळा संगणक कीबोर्डच्या डब्यातच मावलेला. झेड80 हा प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोके घेई. रॅम 48 किलोबाइट. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट खाते, म्हणजे हा एक लेखच त्यातली जवळपास अर्धी जागा अडवील. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. एका ओळीत 32 अक्षरे. वापरणाऱ्याला स्वतःच्या मनाने अक्षरे काढायची सोय होती: आठ बाय आठ चौकटींत ठिपके भरून एकूण 21 आकार. बाराखडी आणि जोडाक्षरे त्यात बसणे शक्य नव्हते, पण आपले नाव देवनागरीत टीव्हीवर उमटवायला तेवढे आकार पुरत.

बेसिक भाषेतल्या आज्ञा अक्षरागणिक टाइप कराव्या लागत नसत. ‘पी’ दाबला की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द येई, ‘जे’ दाबला की ‘लोड’. प्रोग्राम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट. टू-इन-वनची, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरची, वायर संगणकाला जोडायची, कॅसेट सुरू करायची आणि पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले की प्रोग्राम येतो आहे असे समजायचे. मोठा खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागत. आवाज थोडा कमीजास्त असला, किंवा कॅसेटचे हेड जरा तिरके असले, की शेवटच्या क्षणी चूक दाखवून यंत्र थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छोट्या पेचकसाने हेडचा स्क्रू किती फिरवायचा, आवाज कुठे ठेवायचा, हे पुस्तकात नसे. ते ज्याला जमले त्याच्याकडून शिकावे लागे. मंडळांची खरी गरज इथे होती आणि आजही इथेच आहे.

कारण ही यंत्रे नुसती ठेवून दिली तरी बिघडतात. स्पेक्ट्रमच्या कळांखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो सुकून तडकतो आणि कळांची आख्खी रांग मुकी होते. आतल्या काही स्मृतिचिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यांतला उणे पाच व्होल्टचा पुरवठा तुटला की चिपा जळतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर कोरडे पडतात किंवा गळतात. नंतरच्या 286 आणि 386 संगणकांच्या मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी जोडलेली असे. ती गळली की तिच्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. पावसाळी दमट हवेत कॅसेट आणि फ्लॉपीवर बुरशी चढते. पांढरट डबे पिवळे पडतात, पण तो दोष वरवरचा आहे आणि त्याची फार चिंता करू नये.

दुरुस्ती करणाऱ्याला सुटे भाग लागतात आणि ते मिळण्याच्या जागाही आक्रसल्या आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याचा जुना बाजार येथे एके काळी बाद झालेले बोर्ड सहज हाती लागत. आता तेच बोर्ड भंगारातून थेट धातू काढणाऱ्यांकडे जातात, कारण जुन्या चिपांच्या पायांवर आणि जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असतो. कॅथोड रे नळीचे टीव्ही बनणे थांबले. 1976 पासून बनत आलेल्या झेड80 या मूळ प्रोसेसरच्या शेवटच्या मागण्या झायलॉग कंपनीने जून 2024 पर्यंतच स्वीकारल्या.

मग हे सगळे कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. जुने प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारे इम्युलेटर फुकट मिळतात. स्पेक्ट्रमचे हजारो खेळ कॅसेटवरून उतरवून फायलींच्या रूपात जपलेले आहेत. ही मोठीच कामगिरी आहे आणि ती हौशी मंडळींनीच केली. पण आधी कुणीतरी उतरवून घेतले असेल, तेवढेच इम्युलेटर चालवू शकतो. इंग्रजी खेळ जगभरातून उतरवले गेले. इथल्या एखाद्या शिक्षकाने गणिताच्या सरावासाठी लिहिलेला प्रोग्राम किंवा दुकानदाराने उधारीच्या वहीसाठी बनवून घेतलेला प्रोग्राम दुसऱ्या देशातले कोणी शोधायला येणार नाही.

मराठी मजकुराची स्थिती तर अधिक नाजूक आहे. पुण्याच्या सी-डॅकने संगणकात बसवायच्या ‘जिस्ट’ कार्डाच्या साहाय्याने डॉसच्या संगणकांवर भारतीय लिप्या आणल्या, आणि इस्की ही संकेतप्रणाली 1991 मध्ये भारतीय मानक झाली. पुढे मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि तत्सम पॅकेजे छापखान्यांत व दैनिकांत रुळली. प्रत्येकाची अक्षरमांडणी निराळी. युनिकोड सर्वत्र रुजण्याआधी या पद्धतींनी जुळवलेला मजकूर मूळ फॉन्टशिवाय उघडला तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी दिसते. काही पॅकेजे डोंगल, म्हणजे पोर्टला लावायचे हार्डवेअरचे कुलूप, असल्याशिवाय सुरूच होत नसत. आजच्या संगणकाला ते पोर्टच नाही. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि तो हाताळणारा जाणकारच लागतो. दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रामपंचायतींची व सहकारी संस्थांची कागदपत्रे यांच्या किती मूळ प्रती अशा चकत्यांवर अडकल्या असतील, याचा विचार मराठी वाचकाने गंभीरपणे करायला हवा. जुना संगणक चालू ठेवणारा माणूस इथे उपयोगी पडतो, आणि तोच दुर्मीळ होत चालला आहे.

एका श्रीमंत माणसाच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही, हेही दिसून आले आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी सिअॅटलमध्ये उभारलेले संग्रहालय 2012 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथे जुने संगणक चालू स्थितीत होते आणि पाहुण्यांना ते हाताळता येत. अॅलन 2018 मध्ये वारले, 2020 मध्ये संग्रहालय बंद झाले आणि 2024 मध्ये ते कायमचे मिटल्याचे जाहीर होऊन तिथल्या अनेक वस्तू लिलावात निघाल्या. उलट इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे 1951 चा हार्वेल डेकाट्रॉन संगणक स्वयंसेवकांनी खपून दुरुस्त केला आणि 2012 मध्ये तो पुन्हा चालू झाला.

आपल्याकडे यंत्रे जपण्याची जाण नाही असे नाही. नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी अरुंद रेल्वे 2015 मध्ये बंद होऊन तिचे रुंदीकरण झाले; सौंसर, रामाकोना या स्थानकांवरची छोटी गाडी इतिहासजमा झाली. पण तिच्या जातीची इंजिने व डबे नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात पाहायला मिळतात, आणि ते संग्रहालय 2002 पासूनच उभे आहे. म्हणजे गाड्या धावत होत्या तेव्हाच ते काम सुरू झाले होते. घरगुती संगणकांच्या बाबतीत ती वेळ टळून गेली आहे. तरी जे उरले आहे ते हाताबाहेर गेलेले नाही.

रामाकोना-सौंसरपासून पुण्या-मुंबईपर्यंत कुठेही माळ्यावर, शाळेच्या अडगळीत किंवा बंद पडलेल्या छापखान्यात असे यंत्र असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी थोडे थांबावे. थेट वीज जोडू नये. आधी उघडून गळकी बॅटरी काढून टाकावी. कॅसेट, फ्लॉपी, डोंगल आणि माहितीपुस्तिका एकाच खोक्यात ठेवून त्यावर यंत्राचे नाव, साल आणि ते कोण कशासाठी वापरत असे हे लिहावे. फ्लॉपी स्वतः घासूनपुसून पाहू नयेत. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडे चौकशी करावी. या कामाची हौस असलेला एखादा माणूस तिथे भेटू शकतो. आणि ज्यांनी ही यंत्रे तेव्हा वापरली, त्यांनी ती कशी चालवत ते आताच लिहून किंवा बोलून नोंदवावे.