लेकरू बरं झालं, मग परत टेस्ट कशाला?

परभणी-मनमाड रेल्वेमार्गावरचं पेडगाव. (वेड पांघरून जायचं ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, हे परभणी तालुक्यातलं.) अशा गावात कोविडची टेस्ट करायची म्हणजे आईचा किंवा बापाचा रोज बुडतो, परभणीची एक फेरी होते आणि रडणाऱ्या लेकराच्या नाकात पुन्हा काडी जाते. पहिल्या लाटेच्या सुरुवातीला तर परभणी जिल्ह्यातले स्वॅब तपासायला औरंगाबाद-नांदेडला पाठवावे लागत आणि घरचे रिपोर्टच्या वाटेकडे डोळे लावून बसत. म्हणून पोरगं आठ-दहा दिवसांपूर्वीच पॉझिटिव्ह येऊन गेलं असेल आणि आता अंगणात खेळत असेल, तर परत टेस्ट करायची का, हा प्रश्न नीट विचारण्यासारखा आहे. बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. पण ‘नाही’ म्हणतानाही काही चुकीच्या समजुती आड येतात.

सगळ्यात चिवट समजूत म्हणजे ‘निगेटिव्ह आल्याशिवाय बरं झालं असं धरायचं नाही’. ही कुणी उठवलेली अफवा नव्हे. २०२० च्या सुरुवातीला सरकारचाच तसा नियम होता. लागोपाठ दोन टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय रुग्णाला घरी सोडत नसत. ८ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो बदलला. सौम्य आजार असलेल्याला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि त्याला सलग तीन दिवस ताप नसला, की टेस्ट न करता घरी सोडायचं असं ठरलं. जानेवारी २०२२ मध्ये घरी विलगीकरणात असलेल्या सौम्य रुग्णांसाठी ही मुदत सात दिवसांवर आली, शेवटचे तीन दिवस ताप नसण्याची अट तशीच राहिली आणि पुन्हा टेस्ट नको हेही त्यात लिहिलेलं होतं. नियम बदलला, पण लोकांच्या डोक्यात पहिलाच पक्का बसला.

नियम बदलण्यामागचं कारण आरटीपीसीआर टेस्टच्या स्वभावात आहे. ही टेस्ट विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधते आणि त्याच्या लाखो प्रती करून दाखवते. तो तुकडा जिवंत विषाणूचा की मेलेल्याचा, हे तिला कळत नाही. कापूस वेचून झाला तरी पऱ्हाटी रानात उभी असते, पण ती दिसली म्हणून कुणी पुन्हा वेचायला जात नाही. आजार संपल्यावरही असे तुकडे काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात. दक्षिण कोरियात २०२० मध्ये बरे झालेले लोक परत पॉझिटिव्ह येऊ लागले तेव्हा मोठी घबराट झाली होती. तिथल्या रोगनियंत्रण यंत्रणेने अशा २८५ जणांची आणि त्यांच्या संपर्कातल्या ७९० जणांची तपासणी केली. या परत पॉझिटिव्ह आलेल्यांकडूनच लागण झाली असं एकाही नव्या रुग्णाबद्दल ठरवता आलं नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवून पाहिला, तो एकातही वाढला नाही.

‘शाळेत घ्यायचं तर निगेटिव्ह रिपोर्ट लागेल’ ही दुसरी समजूत. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडमुक्त गावांतले आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. गावात महिनाभर रुग्ण नसावा ही अट संपूर्ण गावाला होती, एकेका लेकराला नव्हे. तिसऱ्या लाटेत बंद झालेल्या शाळा २४ जानेवारी २०२२ पासून उघडू लागल्या, तेव्हा पालकांकडून संमतीपत्र मागितलं गेलं. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची पुन्हा आरटीपीसीआर करू नये, हे तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ४ मे २०२१ च्या सूचनेतच सांगितलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या सूचनेमागे दुसऱ्या लाटेत प्रयोगशाळांवर पडलेला ताणही होता. पण ती लाट ओसरल्यावर, १० जानेवारी २०२२ च्या सूचनेतही आयसीएमआरची भूमिका तीच राहिली. गुरुजींनी कागद मागितलाच, तर पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख दाखवून आता किती दिवस झाले ते सांगावं. खरा उपयोग त्याचाच आहे.

रिपोर्टवरच्या सीटी व्हॅल्यूवरूनही (तुकडा दिसेपर्यंत प्रती करण्याच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा) गावोगावी बरेच निष्कर्ष काढले गेले. सीटी पस्तिशीच्या आत असेल तर पॉझिटिव्ह, एवढाच तिचा अर्थ. हा आकडा २४ वर आणावा का, अशी विचारणा २०२१ मध्ये महाराष्ट्रातून झाली होती; संसर्ग पसरवणारे रुग्ण सुटतील म्हणून आयसीएमआरने नकार दिला. आजार किती गंभीर हे या आकड्यावरून ठरत नाही.

घरी करायच्या किटबद्दलचा घोळ वेगळा आहे. देशातलं पहिलं किट पुण्याच्या मायलॅबचं, ‘कोव्हिसेल्फ’. मे २०२१ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ही अँटिजेन टेस्ट. ती विषाणूचं प्रथिन शोधते, म्हणून मेलेल्या तुकड्यांना आरटीपीसीआरइतकी भुलत नाही. नुकत्याच बऱ्या झालेल्या लेकरात नवी लक्षणं दिसली तर आधी हीच टेस्ट कामाची. मात्र ती निगेटिव्ह आली म्हणजे कोविड नाहीच, असं धरू नये. आयसीएमआरने २०२० मध्ये तपासलेल्या पहिल्या अँटिजेन किटने खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्केच पकडले होते. पॉझिटिव्ह दाखवलं तर मात्र ते जवळजवळ खरंच असे.

आता उलट्या बाजूचा गैरसमज. ‘एकदा होऊन गेला, आता तीन महिने काळजी नाही.’ तीन महिन्यांचा आकडा आला तो मेलेल्या तुकड्यांमुळे टेस्ट फसू नये म्हणून. पुन्हा लागण होणारच नाही अशी हमी त्यात नव्हती. मुंबईत नायर आणि हिंदुजा रुग्णालयांतल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांना दुसऱ्यांदा लागण झाल्याचं २०२० मध्येच जनुकीय तपासणीतून दिसलं होतं. ओमिक्रॉन हा विषाणूचा प्रकार आल्यावर दोन लागणींमधलं अंतर आणखी कमी झालं. डेन्मार्कमध्ये तपशिलाने पाहिलेल्या १८७ पुनर्लागणींपैकी ४७ जणांना २० ते ६० दिवसांतच ओमिक्रॉनचाच दुसरा उपप्रकार झाला होता. त्यांत बहुतेक तरुण आणि लस न घेतलेले होते, आणि आजार सौम्य होता.

सगळ्यात जास्त काळजी करावी असा गैरसमज मात्र टेस्टचा नसून तापाचा आहे. कोविड होऊन तीन-चार आठवडे झाले, लेकरू बरं होतं, आणि अचानक ताप चढला. घरचे कोविडची टेस्ट करतात, निगेटिव्ह येते, सगळे निर्धास्त होतात. इथेच घात होऊ शकतो. कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांत शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडते आणि अनेक अवयवांना सूज येते. डॉक्टर तिला एमआयएस-सी म्हणतात. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, लाल ओठ-जीभ, पोटात दुखणं, उलट्या-जुलाब, हातपाय गार पडणं ही तिची लक्षणं. तोवर विषाणू निघून गेलेला असतो, त्यामुळे आरटीपीसीआर बहुधा निगेटिव्हच येते. एरवी निरुपयोगी ठरणारी, होऊन गेलेल्या लागणीची खूण रक्तात शोधणारी अँटिबॉडी टेस्ट अशा वेळी डॉक्टरांना उपयोगी पडते. हा आजार दुर्मीळ आहे, ओमिक्रॉननंतर आणखी कमी झाला, आणि वेळेत दाखवलं तर आटोक्यात येतो. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि मलेरियाही असतातच. कोविडच्या निगेटिव्ह रिपोर्टने त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

आजारी लेकराचा श्वास घरीच मोजता आला तर आणखी बरं. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० आणि त्यापुढे ३० किंवा त्याहून जास्त श्वास दिसले, छाती आत ओढली जात असेल, दूध-पाणी बंद झालं असेल किंवा मूल सुस्त पडलं असेल, तर टेस्टच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठायचा. आशाताईंना हे मोजणं येतं.

मग परत टेस्ट करायची कधी? उत्तराने काही बदलणार असेल तेव्हा. म्हणजे लेकरू पूर्ण बरं होऊन नव्याने खोकला-ताप सुरू झाला आणि घरात डायलिसिसवर असलेली आजी किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कुणी आहे, किंवा पोराला दवाखान्यात भरती करायचं आहे, किंवा डॉक्टरांनी सांगितलं आहे. पहिल्या महिन्यात लक्षणं नसताना करू नये, लक्षणं आली तर अँटिजेन करावी, आणि तीन महिने उलटल्यावर नव्या रुग्णासारखंच धरावं. त्यासाठी पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा आणि डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या आधी त्यावरची तारीख सांगायची.