पटावरच्या गोष्टी (१४) : बैल आणि वाघीण

आज ‘एल पासो’ची पेटी उघडायची असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ‘ग्रेट वेस्टर्न ट्रेल’ या पटावरच्या खेळाचंच ते आटोपशीर भावंड, कमी वेळात उरकणारं. पण ती पेटी अजून कपाटावरच आहे. एका जर्सी गाईनं घोळ घातला.

रविवारी दुपारी आमच्या मीरा रोडच्या घरात जेवणाच्या टेबलावर ‘ग्रेट वेस्टर्न ट्रेल’चा मोठा पट मांडलेला होता. पंखा बंद, कारण तो लावला की पत्ते उडतात. समोरच्या घरातले काका विरजण मागायला आले आणि वाटी हातात धरून माझ्या खांद्यावरून डोकावू लागले. त्यांचं गाव संगमनेरकडचं, गोठा अजून चालू.

“ही जर्सी ना? हिच्यावर एक का लिहिलाय?”

“किंमत आहे तिची.”

“एक? आणि ही शिंगाडी?”

“लाँगहॉर्न. पाच.”

“दूध किती देते?”

“दुधासाठी नाही हो ती, काका.”

“मग पाच कशाबद्दल?” आमच्या चौघांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

काकांचं म्हणणं चूक नाही. अलेक्झांडर फिस्टर या ऑस्ट्रियन माणसानं २०१६ साली हा खेळ आणला, तेव्हा प्रत्येकाच्या सुरुवातीच्या १४ पत्त्यांत ५ जर्सी घातल्या. पुढे बाजारात होल्स्टीन मिळते, आयर्शायर मिळते. सगळ्या दुधाच्या गाई, आणि त्यांना टेक्सासहून कॅन्सस सिटीपर्यंत हाकत न्यायचं! खरे काउबॉय हाकत होते ती सरसकट अर्धवट रानटी लाँगहॉर्न गुरं. पण सगळे पत्ते लाँगहॉर्नचे केले असते तर खेळच मेला असता. कॅन्सस सिटीला पोचताना हातात चार पत्ते असतात आणि त्यातल्या वेगवेगळ्या जातींचीच किंमत धरतात. दोन जर्सी असल्या तरी एकच मोजायची. म्हणून वाटेतल्या इमारतींपाशी थांबत नको ती गाय विकायची, नवा पत्ता ओढायचा आणि शेवटच्या मुक्कामाला चार निरनिराळी तोंडं जमवायची. फिस्टरला गुरांचं काही पडलेलं नाही, त्याला पत्त्यांचा हात जुळवायचाय. मला स्वतःला हा त्याचा सगळ्यात हुशार खोटेपणा वाटतो.

काका विरजण घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथून विचारते झाले, “आपल्याकडं अशी गुरं चालवत रेल्वेपर्यंत नेत होते का हो?”

या प्रश्नात माझा आठवडा गेला.

अमेरिकेतलं गणित सोपं होतं. यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड, गिऱ्हाईक नाही. तिथे चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेत चाळीसला जाई. जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्यानं १८६७ साली कॅन्ससमधल्या ॲबिलीन या फुटकळ गावात रेल्वेच्या कडेला गुरांचे वाडे बांधले आणि टेक्सासला सांगावा धाडला की माल इथवर आणा. माल स्वतःच्या पायांनी आला. तिथे गुरं हा माल आणि रेल्वे हे वाहन.

आता तेच १८६७ साल आपल्याकडे लावून बघा. एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल निघाली (मीरा रोडला थांबत नव्हती, तेवढ्याबद्दल आमच्याकडे आजही थोडी खंत आहे). आणि त्याच वर्षी जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची) लाइन नागपूरला पोचली. त्या लाइनच्या वाटेवर बैल होतेच, हजारोंनी होते. फक्त ते माल नव्हते. मालगाडी तेच होते.

लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यांबद्दल म्हणतोय. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’वरून आला असं मानतात, म्हणजे मिठाशी त्यांचं नातं नावातच. भाईंदर सोडलं की लोकलच्या दारातून मिठागरं दिसतात, तेव्हा मला हटकून हे आठवतं. कोकणपट्टीचं मीठ घाटावर आणि घाटावरचं धान्य खाली, असा त्यांचा फेरा. बैलाच्या पाठीवर दोन्ही कुशींना एकेक गोणी, तांड्याचा नाईक पुढे, बायकापोरं बरोबर. गाडीरस्ता नको, पूल नको. चारा वाटेवरच्या माळावर, म्हणजे फुकट. १८०३ साली शिंदे-भोसल्यांवर चालून आलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेचं धान्यसुद्धा याच बैलांवर चालत होतं.

वऱ्हाडचा कापूस हा त्यांचा एक लांबचा पल्ला. अमरावतीकडून नागपूर, जबलपूर करत गंगेकाठच्या मिर्झापूरला, सुमारे ८०० किलोमीटर. तिथून नावेनं कलकत्ता. दिवसाला चार-पाच कोस. वाटेत वळवानं गाठलं तर कापूस भिजून जड होई आणि बैल चिखलात बसे.

मग आगगाडी आली. जो माल पोचवायला महिने लागत तो वाघिणीत पडला की काही दिवसांत मुंबईच्या बंदरावर. (मालडब्याला ‘वाघीण’ म्हणायचं ज्याला कुणाला सुचलं, त्याला बैलांचं काय होणार हे बहुधा कळलं असावं.) टेक्सासच्या गुराख्याला रेल्वेनं निदान वीसेक वर्षं रोजगार दिला, मग काटेरी तार आणि टेक्सासातच पोचलेले रूळ यांनी तो काढून घेतला. लमाणांना ती वीस वर्षंही मिळाली नाहीत. काही जण बैलांच्या खरेदी-विक्रीत शिरले, काही शेतमजूर झाले. १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायची सोय केली, तिचा फास पुढे बंजाऱ्यांतल्या काही गटांभोवतीही पडला.

‘ग्रेट वेस्टर्न ट्रेल’मध्ये इंजिन तुमचं असतं. ते जितकं पुढे ढकलाल तितका फायदा; गुरं पाठवायचं शहर इंजिनाच्या पुढे असेल तर मधल्या प्रत्येक टप्प्याला डॉलर मोजायचा. लमाणांचा आपला खेळ करायचा तर इंजिन कुणाचंच असून चालणार नाही. दर फेरीला ते आपणहून एक घर पुढे सरकणार, आणि ज्या वाटेवर पोचेल तिथला बैलाचा भाव पडणार.

तसा पट मी केलाही. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे जोडून अमरावती ते मिर्झापूर आखलं, गोण्या आणि पैसे म्हणून चिंचोके घेतले. बुधवारी रात्री भाचीबरोबर पहिला डाव झाला. सातव्या फेरीला इंजिन नागपूरला पोचलं आणि ती म्हणाली, “मामा, आता मी काय करू? माझ्याकडे नुसते बैल उरलेत.”

यावर दोन तोडगे दिसतात. पहिला, बैल विकायची मुभा द्यायची, पण सगळे एकदमच विकायला निघणार, मग भाव कसा ठरवायचा? दुसरा, स्टेशनापर्यंतची छोटी खेप. रूळ आले तरी गावातून स्टेशनावर कापूस कुणीतरी आणायला हवाच होता. पण ते काम बैलगाडीचं, पाठीवरच्या गोणीचं नव्हे, आणि गाडी घ्यायला पैसे लागतात. भाचीकडे चिंचोके अकरा होते. गाडीची किंमत मी बारा ठेवली होती. ती दहा करावी का, याचा निकाल येत्या रविवारी लागेल. काकांनाही बसवणार आहे. त्यांची एकच अट आहे, पटावर एक जर्सी हवी.

‘एल पासो’ पुढच्या आठवड्यात. पेटीवरची धूळ पुसून ठेवली आहे.